केमोची पहिली सुई लागण्याआधी



कर्करोगाचे निदान झाले की त्याच संध्याकाळी घरात पैशाचा विषय निघतो. कोणाच्या अंगावर सोने आहे, बचत गटातून किती उचलता येतील, मुलाला मालकाकडून आगाऊ मिळेल का, प्लॉट विकायचा का. या घाईत पहिले वीस-पंचवीस हजार रुपये हातातून जातात आणि मग कोणीतरी सांगते, "अगं, हे तर योजनेत होते!" तोवर एक केमो रोखीने होऊन गेलेली असते. ते पैसे योजनेतून मागाहून परत मिळत नाहीत. सरकारी योजना रुग्णाच्या हातात पैसे देत नाही, ती रुग्णालयाला देते, आणि औषध देण्याआधी मंजुरी घेतली असेल तरच देते. म्हणून या महिन्याचा आरोग्य-पाठ एवढ्याच गोष्टीवर आहे : मंजुरी आधी, सलाईन नंतर.

विमा म्हणजे काय, हे समजायला आपल्याला लांब जायची गरज नाही. पिपरी (मेघे) पासून सेवाग्राम हाकेच्या अंतरावर. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकात आसपासच्या खेड्यांत ज्वारीचा विमा चालवला. सुगीच्या दिवसांत घरटी ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करायची आणि वर्षभरात ज्याच्या घरी दुखणे येईल त्याच्या उपचाराला त्या साठ्याचा आधार. डॉ. उल्हास जाजू यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. ज्याच्या घरी कोणी आजारी पडले नाही त्याची ज्वारी 'वाया' गेली, असे कोणी म्हणत नसे. आज ज्वारीच्या जागी हप्ता आहे किंवा सरकारचा पैसा आहे, हिशेब तोच.

कामगारांच्या आरोग्य विम्याशी तर आपले नाते त्याहून जुने आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्याच खात्याने मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले. ऑगस्ट १९४४ मध्ये अहवाल आला. त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. पगाराच्या चिठ्ठीवर ती तीन अक्षरे दिसली तर त्यामागे बाबासाहेबांचे खाते होते, हे मुलांना सांगावे.

आता मुख्य योजनेकडे येऊ. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ पासून ती सगळ्या राज्यात आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्यांचे नाव असलेली योजना आपल्याच वस्तीत लोकांना नीट माहीत नसावी, हे खटकते. २०२० पासून केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्यासोबत जोडून चालवली जाते. पूर्वी वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती आणि पिवळ्या-केशरी रेशन कार्डाची अट होती. आपला वर्धा जिल्हा शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत असल्याने इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही आधीपासून लाभ होता, पण ज्याच्याकडे वावर नाही आणि कार्ड पांढरे, तो बाहेर राहायचा. १ जुलै २०२४ पासून ही अट गेली. आता पिवळे, केशरी, पांढरे, कोणतेही रेशन कार्ड असलेले कुटुंब योजनेत आहे आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे.

'कुटुंबामागे' हा शब्द पुन्हा वाचा. पाच लाख एकट्या रुग्णाचे नाहीत. त्याच वर्षी सासऱ्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया योजनेतून झाली असेल तर तेवढी रक्कम वजा होऊन उरलेली सुनेच्या केमोला मिळेल. घरात ७० वर्षे पूर्ण झालेले कोणी असेल तर त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळे काढून घ्यावे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ते मिळते. ज्यांचे कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये आहे त्या वृद्धांना त्यावर स्वतंत्र ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि घरातल्या इतरांचा वाटा शाबूत राहतो.

आणखी एक गैरसमज वस्तीत फार ऐकू येतो. जातीचा दाखला नाही, किंवा कागदावर एकीकडे 'महार' आणि दुसरीकडे 'बौद्ध' आहे, म्हणून योजना मिळणार नाही, असे लोक धरून चालतात. या योजनेला जातीचा दाखला लागत नाही. रेशन कार्ड आणि फोटो असलेले ओळखपत्र लागते, बहुतेक वेळा आधार. अडचण येते ती नावांची. आधारवर एक स्पेलिंग, रेशन कार्डावर दुसरे. सून लग्न होऊन चार वर्षे झाली तरी तिचे नाव माहेरच्याच कार्डावर. नवरा गेल्यावर बहीण भावाकडे राहते, पण कार्ड सासरच्या गावचे. आजार येण्याआधी दुरुस्त करायचे काम असेल तर ते हे. तहसीलच्या पुरवठा शाखेत किंवा सेतूत एक दिवस मोडेल, पण केमोच्या रांगेत उभे राहून हे काम होत नाही. आयुष्मान कार्ड काढायला आशाताई मदत करतात. त्यांना विचारायला संकोच करू नये.

मंजुरी प्रत्यक्षात कशी मिळते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, पिपरीतली ४८ वर्षांची, धुणीभांडी करणारी एक बाई आहे. तिच्या स्तनात गाठ निघाली. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. सावंगीचे आचार्य विनोबा भावे रुग्णालय असो, सेवाग्रामचे कस्तुरबा असो की नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, दारातून आत गेल्यावर पहिला मुक्काम त्या कक्षावर. "आम्हाला योजनेतून उपचार घ्यायचे आहेत, कर्करोगाच्या औषधोपचारासाठी हे रुग्णालय सध्या यादीत आहे का?" एवढेच विचारायचे. एखादे रुग्णालय योजनेत असते, पण प्रत्येक विभागासाठी असेलच असे नाही.

नोंदणी झाली की तपासण्या. गाठीचा तुकडा काढून केलेली बायोप्सी आणि तिचा लेखी अहवाल असल्याशिवाय कर्करोगाच्या उपचाराला मंजुरी मिळत नाही. हा अहवाल म्हणजे पुढच्या सगळ्या कागदांचे मूळ, त्याच्या तीन झेरॉक्स काढून ठेवा. बाहेरच्या लॅबमध्ये आधीच केलेल्या तपासणीचा खर्च सहसा आपलाच राहतो. म्हणून गावातल्या डॉक्टरांनी शंका व्यक्त केली की महागड्या स्कॅनसाठी बाहेर धावण्याआधी योजनेतल्या रुग्णालयात नोंदणी करणे शहाणपणाचे.

मग वेगवेगळ्या विभागांचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात की आधी शस्त्रक्रिया, आधी केमो की शेक. या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. त्यांचा निर्णय, बायोप्सी आणि ओळखपत्रे रुग्णालय संगणकावरून योजनेच्या कार्यालयाकडे पाठवते. तिकडून मंजुरी आली की केमो सुरू.

ही मंजुरी सगळ्या उपचाराची एकदम नसते, हे बहुतेकांना माहीत नसते. कोणत्या कर्करोगाला कोणती औषधे, त्याचे ठरलेले पॅकेज असते आणि ते एकेका फेरीसाठी मोजले जाते. आपल्या उदाहरणातल्या बाईला समजा सर्रास दिला जाणारा क्रम दिला : दोन औषधांच्या चार फेऱ्या, दर तीन आठवड्यांनी एक, आणि नंतर दुसऱ्या औषधाच्या बारा फेऱ्या, दर आठवड्याला एक. एकूण सोळा वेळा रुग्णालय, चोवीस आठवडे, म्हणजे जवळपास सहा महिने. पाचव्या वेळी औषध बदलते, तेव्हा मंजुरीही बदलते. म्हणून प्रत्येक फेरीला आरोग्यमित्राला विचारायचे : "पुढच्या फेरीची मंजुरी टाकली का?" हा प्रश्न सोळा वेळा विचारायला लाजू नये. रक्तातल्या पेशी कमी भरल्या तर डॉक्टर फेरी आठवडाभर पुढे ढकलतात, तेव्हाही मंजुरीची तारीख सांभाळावी लागते. केमो आज दिली आणि संध्याकाळी घरी, असेच बहुधा होते. रात्रभर दाखल राहिलो नाही म्हणून योजना लागू होणार नाही, ही समजूत चुकीची आहे.

पॅकेजमध्ये काय येते? जनरल वॉर्डातली खाट, डॉक्टर आणि नर्स, मंजूर झालेली औषधे, त्या उपचाराला लागणाऱ्या तपासण्या, सलाईन-सुया, दाखल असताना रुग्णाचे जेवण. सुटीनंतरच्या काही दिवसांची औषधेही नियमात आहेत. यादीत असलेले औषध "बाहेरच्या मेडिकलमधून आणा" अशी चिठ्ठी हातात पडली तर ती चिठ्ठी फेकू नका, सांभाळा, आणि आरोग्यमित्राला दाखवा. तिथे दाद मिळाली नाही तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या मोफत क्रमांकांवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. भांडण डॉक्टरांशी करायचे नाही. त्यांना बहुतेक वेळा यादीत काय आहे तेच माहीत नसते.

पॅकेजमध्ये काय येत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे, कारण 'सगळे फुकट' असे सांगणारे लोक नंतर गायब होतात. स्वतंत्र खोली घेतली तर ती आपल्या खिशातून. नव्या पिढीची काही औषधे आहेत, ज्यांना टार्गेटेड किंवा इम्युनोथेरपी म्हणतात. त्यातली सगळी यादीत नाहीत आणि एका सुईची किंमत घराचे वर्षाचे उत्पन्न गिळू शकते. डॉक्टरांनी असे औषध सुचवले तर सरळ विचारा : योजनेतल्या औषधाने काय फायदा होईल, या औषधाने त्यापेक्षा किती जास्त, आणि ते परवडले नाही तर उपचार थांबणार का? पुष्कळदा उत्तर असे येते की यादीतलाच उपचार चांगला आणि पुरेसा आहे. माझे स्पष्ट मत आहे : पहिल्या दोन सुयांसाठी प्लॉट विकून तिसऱ्या सुईला हात टेकण्यापेक्षा यादीतला उपचार न चुकता पूर्ण करणे कधीही बरे. केमोचा परिणाम तिच्या सलगपणावर असतो.

आणि मजुरी. समजा दिवसाची मजुरी ४०० रुपये, रुग्ण आणि सोबतचा एक माणूस. सोळा फेऱ्यांचे दोघांचे मिळून ३२ दिवस बुडाले, म्हणजे १२,८०० रुपये. शिवाय केमोनंतरचे चार-पाच दिवस रुग्णाला काम जमत नाही, ते वेगळे. हा पैसा कोणतीही सरकारी योजना देत नाही. विहारातल्या निधीतून मदत करायची असेल तर औषधापेक्षा इथे करावी. महिला मंडळाने सोळापैकी चार फेऱ्यांना सोबत जायचे ठरवले तरी घरातल्या एका माणसाची चार दिवसांची मजुरी वाचते. आजारी पडलेल्या आणि कोणी न विचारलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदांना सोबत घेऊन स्वतः धुतले, स्वच्छ केले, ही विनयातली कथा आपण वर्षावासात ऐकतो. ती कथा रुग्णालयातल्या रांगेतही लागू पडते.

कारखान्यात कामाला असणाऱ्यांसाठी दोन ओळी. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयचा नियम लागू होतो. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. त्यातून कर्करोगाचा उपचार कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला मिळतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कामगार स्वतः आजारी असेल आणि नोकरी-वर्गणीच्या अटी पूर्ण होत असतील, तर कर्करोगासारख्या दीर्घ आजारात पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. वर जी मजुरी म्हटली, ती भरून देणारी ही जवळजवळ एकच व्यवस्था. कंत्राटदाराने पैसे कापले पण भरलेच नाहीत, असेही घडते. आपला विमा क्रमांक मागून घ्या आणि वर्गणी जमा होते की नाही ते निरोगी असतानाच तपासा.

पुण्याला कंपनीत लागलेला मुलगा किंवा मुलगी घरात असेल तर त्यांना विचारा, कंपनीच्या गट विम्यात आई-वडिलांचे नाव घालता येते का. अशा गट विम्यात पुष्कळदा आधीपासूनचा आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. मात्र नोकरी सुटली की तो विमाही सुटतो.

खाजगी पॉलिसी स्वतः घेणारी घरे आपल्याकडे थोडी, पण वाढत आहेत. पॉलिसी घेतल्यावर पहिले तीस दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबायला लावू शकते. म्हणजे गाठ हाताला लागल्यावर घेतलेली पॉलिसी त्या गाठीच्या कामाची नाही. केमो एका दिवसाची असली तरी ती बहुतेक पॉलिसींत 'डे-केअर' म्हणून धरतात. गोळ्यांच्या रूपातली केमो आणि सुईने देण्याची इम्युनोथेरपी या गोष्टी पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाहीत, असे विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवले, पण त्यावर वेगळी कमी मर्यादा घालायला कंपनीला मुभा आहे. पाच लाखांच्या पॉलिसीत गोळ्यांसाठी किती, हा आकडा कागदात शोधा. एजंट म्हणतो, "साहेब, शुगर लिहू नका, हप्ता वाढेल." त्याचे ऐकू नका. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी बाहेर येतो आणि अर्ज फेटाळला जातो. आपला आजार सेवा करणाऱ्याला खरा सांगावा, हा चांगल्या रुग्णाच्या गुणांपैकी एक म्हणून विनयात सांगितला आहे. विम्याच्या अर्जालाही तोच नियम लावावा.

'क्रिटिकल इलनेस' पॉलिसी निदान झाल्यावर ठरलेली रक्कम एकदम देते, ती घरखर्चालाही वापरता येते. पण अगदी सुरुवातीच्या, जागेवरच असलेल्या कर्करोगाला ती लागू होत नाही. जाता जाता, रोज दोन खर्रे खाणाऱ्याने वर्षाचा हिशेब करून पाहावा. त्या पैशात घरातल्या एकाचा हप्ता बसतो, आणि तोंडाच्या कर्करोगाची भीतीही कमी होते.

केमो चालू असलेल्या घरात थर्मामीटर असलेच पाहिजे. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात आणि १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर तो साधा ताप समजायचा नाही. क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्री दोन वाजले असले तरी जिथे केमो चालू आहे त्या रुग्णालयात न्यावे आणि "केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली" हे पहिल्या वाक्यात सांगावे. या तापाच्या उपचारासाठी वेगळी मंजुरी मागता येते आणि तातडीच्या वेळी ती फोनवरून कळवूनही सुरू होते. कागद नाहीत म्हणून घरी थांबू नये. कागद मागून कोणीतरी आणून देईल.

पाच लाख संपले किंवा औषध यादीत नसले तर दारे पूर्ण बंद होत नाहीत. मुख्यमंत्री सहायता निधीच्या वैद्यकीय कक्षाकडे अर्ज करता येतो, त्याला रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलचा दाखला काढून ठेवला की तिथल्या समाजसेवा अधीक्षकाशी बोलता येते. औषधे विकत घ्यावीच लागली तर अमृत फार्मसीत भाव विचारून मगच दुसरीकडे जावे. शिवाय २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत एका दिवसाच्या केमोची केंद्रे उभारण्याची घोषणा झाली आहे. वर्ध्याच्या सामान्य रुग्णालयात ही सोय कुठवर आली, ते विचारत राहावे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

नागपूरला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात जावे लागले तर रेल्वेची सवलत घ्या. कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट आहे. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यात, सही-शिक्क्यासह प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते सुटीच्या कागदांसोबतच मागून घ्या. एस.टी.तही कर्करुग्णाला सवलत आहे, आगारात चौकशी करावी.